टाउबर्ग गाडी आणि डॅशबोर्डवरचा गणपती

मित्रांनो, जवळ येऊ नका, लांबूनच ऐका. माझ्या पुढच्या काचेचे तुकडे अजून गळताहेत आणि बॉनेटचा पत्रा असा दुमडलाय की हात लागला तर कापेल. मी एक जुनी जर्मन गाडी आहे. डॅलसच्या दक्षिणेला मोडक्या गाड्यांचं एक आवार आहे, तिथल्या चिखलात मी उभी आहे. एका बाजूला चाकं नसलेली व्हॅन, दुसऱ्या बाजूला जळका ट्रक. शेजार मिळाला तो असा! एके काळी मी असल्यांकडे ढुंकूनही बघत नव्हते. तोराच तेवढा होता माझा, आणि तो उगाच नव्हता.

माझ्या घराण्याचं नाव टाउबर्ग. एका नदीकाठच्या गावात दोन भाऊ पाण्याचे पंप बनवायचे. त्यांनी एक दिवस पंपाचं इंजिन घोडागाडीला जोडलं आणि आमचा वंश सुरू झाला. पुढे शर्यती जिंकल्या, मोठमोठे लोक आमच्यातून फिरू लागले. मग युद्ध आलं. तेव्हा कारखान्यात सैन्याचे ट्रक बनत आणि ते बनवायला परमुलखातून माणसं धरून आणली जात. त्यातली कितीतरी घरी परत गेलीच नाहीत. कारखान्याच्या संग्रहालयात शर्यतींच्या चषकांना अख्खी भिंत आहे आणि त्या माणसांसाठी दाराआड एक छोटी पाटी. ती कोणी वाचत नाही. नाव मोठं झालं की लोक बाकीचं विचारायचं सोडून देतात, हे मी जन्मल्या जागीच शिकले.

युद्धानंतर कंपनीनं ठरवलं, आपली गाडी माणूस वाचवणारी गाडी म्हणून ओळखली गेली पाहिजे. आमच्या इंजिनिअरांनी नव्याकोऱ्या गाड्या भिंतीवर आपटल्या, आत बाहुले बसवून. कुठे काय मोडतं ते बघितलं आणि पुन्हा आपटल्या. हवेची उशी, म्हणजे तुम्ही जिला एअरबॅग म्हणता ती, माझ्या स्टिअरिंगमध्ये एक आणि शेजारच्या आसनासमोर डॅशबोर्डमध्ये एक, अशी घडी घालून ठेवली होती. टक्कर झाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती झाकण फोडून बाहेर येते आणि माणसाचं डोकं झेलते. मला तिचा फार अभिमान होता. आपल्याला कशाचा अभिमान वाटावा, हे आधी ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन हजार एक साली मी जहाजातून अमेरिकेत आले. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला राहणाऱ्या डॉक्टर गिरीशकाकांनी मला घेतलं. काका सांगलीकडचे, ऐंशीच्या आसपास इकडे आलेले, हृदयाचे डॉक्टर. गाडीत कोणीही बसलं की पट्टा लावायच्या आधी काकांचं प्रवचन सुरू व्हायचं. "हा दरवाजा लावून बघ. आवाज ऐकलास? जपानी गाडीचा दरवाजा वाजतो, टाउबर्गचा बसतो. टाउबर्ग म्हणजे काळा दगड आहे, काही होत नाही हिला!" मी ऐकून फुगायचे. स्तुती कोणाला नको असते?

काकांच्या गुडघ्यांनी सूर धरला तेव्हा त्यांना उंच गाडी हवीशी झाली आणि मी केदारकडे गेले. केदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, डॅलसजवळ अर्विंगला भाड्याच्या घरात राहणारा. काकांचं प्रवचन त्याला पाठच होतं. तो ते मित्रांना ऐकवायचा, फक्त इंग्रजीत जास्त आणि मराठीत कमी. "यार, जर्मन इंजिनिअरिंग आहे. पैसे दिले तरी ॲक्सिडेंट होणार नाही हिचा."

त्याची बायको आश्लेषा. तिच्याबद्दल सांगायचं म्हणून तर मी तोंड उघडलंय.

आश्लेषा नागपूरची दातांची डॉक्टर. तिथे तिचा दवाखाना चांगला चालायचा. लग्न होऊन इकडे आली आणि सगळं शून्यावर आलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे काम करता येत नाही, आणि तिकडच्या पदवीवर इथे कोणाच्या दाताला हात लावता येत नाही. पुन्हा परीक्षा द्यायच्या, मग कॉलेजची हातकामाची चाचणी, मग दोन वर्षांचं शिक्षण. बाई हटली नाही. सरावाचे दात कोरताना घरात भुसा उडतो म्हणून तिनं गॅरेजमध्ये, माझ्या नाकासमोर, टेबल मांडलं. त्यावर प्लॅस्टिकचा जबडा घट्ट बसवला आणि ती रोज त्यातले दात कोरायची. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी. गॅरेजचं दार अर्धं वर करून, घाम पुसत, ती दातांच्या छोट्या आरशातून बघत केसाएवढ्या रेषेवर ड्रिल चालवायची. दात बिघडला की स्वतःवरच चिडायची, "आश्लेषा, हे दात आहेत की भजी?" आणि नवा दात लावून पुन्हा सुरुवात. कधी लहर आली तर माझं बॉनेट उघडून मला म्हणायची, "हं, आ करा बघू. ब्रश करता का रोज?" माझ्याशी एवढ्या प्रेमानं कोणी बोललं नव्हतं. काकांना माझा दिमाख मिरवायचा होता, केदारला माझं नाव हवं होतं. हिला माझी सोबत होती. तिला पुन्हा डॉक्टर झालेलं बघायचं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

मग केदारची आई, शरयूताई, पुण्याहून आल्या. मनानं चांगल्या, पण काळजी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मुलगा एवढ्या मोठाल्या रस्त्यांवर एवढ्या वेगानं गाडी हाकतो म्हणून त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. त्यांनी आपल्या देवघरातला पितळी गणपती आणला होता, मुठीएवढा, चांगला वजनदार. माझी पूजा झाली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. मला गंमत वाटली. आमच्या कारखान्यात कोणी असं कौतुक करत नाही. मग गणपती डॅशबोर्डवर आला. केदारनं तो मधोमध ठेवला, तर तिथे रेडिओचं बटण आड येत होतं. म्हणून सरकवून उजवीकडे, आश्लेषाच्या आसनासमोर ठेवला; इकडे चालवणारा डावीकडे बसतो. "देवाचं तोंड आपल्याकडे हवं," शरयूताई म्हणाल्या, "त्याची नजर असू दे सुनेवर."

तिथेच, मित्रांनो. नेमक्या हवेच्या उशीच्या झाकणावर.

आश्लेषानं झाकणावरची अक्षरं वाचली. "केदार, अरे इथे एअरबॅग आहे ना?"

"अगं, टाउबर्ग आहे ही," केदार हसला. "एअरबॅग उघडायची वेळच येणार नाही."

ती पुढे बोलणार होती. मला दिसत होतं, तोंडाशी आलं होतं तिच्या. पण सासूबाई पदर सावरून गणपतीला हात जोडून उभ्या होत्या. सासूनं घरचा देव दिला आणि सुनेनं तो काढायला लावला, हे तिला जमलं नाही.

शरयूताई पुण्याला परतल्या. पहिल्याच उन्हाळ्यात चिकटपट्टी वितळली आणि गणपती आडवा झाला. एवढ्यावर निभावलं असतं! पण केदार कामाला पक्का. तो दुकानातून कसलासा जालीम गोंद घेऊन आला आणि त्यानं मूर्ती अशी बसवली की हलवली तर झाकणच उचकटेल. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा मेकॅनिकनं बोट दाखवून सांगितलं, हे काढा, हे धोक्याचं आहे. केदारनं मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाला, "ह्यांना काय कळणार आपलं!"

त्यानंतरच्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फाची काच धरली. डॅलसला बर्फाची सवय नाही, गाड्या पत्त्यांसारख्या एकमेकींवर घसरत होत्या. उड्डाणपुलावर मीही घसरले. पण माझी चारही चाकं आपापला ब्रेक वेगळा सांभाळतात. मी स्वतःला सावरलं, कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबले. आत दोघं पांढरेफटक पडले होते. रात्री पुण्याला फोन झाला आणि पलीकडून शरयूताईंचा आवाज आला, "गणपतीनं तारलं रे बाबा!" देवळात नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

आणि मी? मी काय झोपले होते? खरं सांगते, मला राग आला होता. आमच्या इंजिनिअरांनी आयुष्य घातलं त्या ब्रेकांवर, आणि श्रेय कोणाला, तर गोंदानं चिकटवलेल्याला! पण राग श्रेयाचा होता तोवर ठीक होतं. खरी भीती पुढची होती. आता तो गणपती काढायचं नाव काढायची सोय राहिली नाही. आश्लेषासुद्धा निघताना त्याला हात जोडू लागली.

दोन हजार आठच्या वसंतात तिला डॅलसच्या कॉलेजातून हातकामाच्या चाचणीचं बोलावणं आलं. लेखी परीक्षा सगळ्या झाल्या होत्या. एवढा एक दिवस पार पडला की जागा नक्की, असं सगळेच म्हणत होते. गिरीशकाका फोनवर म्हणाले, "पोरी, तुझा हात मी बघितलाय. जा आणि जिंकून ये." सकाळी तिनं दही खाल्लं, हत्यारांची पेटी मांडीवर घेतली, गणपतीला नमस्कार केला. केदार म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस गं." ती म्हणाली, "टेन्शन नाही रे. हात शिवशिवताहेत माझे."

चौकात आमचा दिवा हिरवा होता. समोरून येणारा एक पिकअप ट्रक अचानक डावीकडे वळला, अगदी आमच्या आडवा. केदारनं ब्रेक दाबला. मीही दाबला, होता नव्हता तेवढा. तरी आदळलोच.

मला जसं शिकवलं होतं तसंच मी केलं. बॉनेट दुमडू दिलं, म्हणजे धक्का आत पोचू नये. पट्टे आवळले. दोन्ही उशा उघडल्या, पापणी लवायच्या आत. केदारच्या समोरच्या उशीनं त्याचं डोकं फुलासारखं झेललं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. उजवीकडच्या उशीनंही झाकण फोडलं, आणि झाकणावर जे होतं ते तिनं समोर फेकलं. मूर्ती जाणार कुठे? तिच्यासमोर आश्लेषाच होती.

तिची किंकाळी मी विसरू शकत नाही. मला मोडून, वितळवून, माझ्या पत्र्याचे डबे केले तरी त्या डब्यांत ती राहील.

डोळा वाचला नाही. डावा डोळा. हे मला इथे, या आवारात कळलं. इथे येणारे जाणारे माझ्याकडे बघून काय काय बोलतात! विम्याचा माणूस म्हणाला, एअरबॅगनं आपलं काम चोख केलं. केदारचा एक मित्र सामान बघायला आला तो म्हणाला, "नुसतं नाव मोठं यार, टाउबर्गची एअरबॅगच डिफेक्टिव्ह असणार." कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या नावाचं मला आता काही पडलेलं नाही.

काल ते दोघं आले. आश्लेषाच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. केदार माझ्या आसनांखाली हात घालून सामान काढत होता. हत्यारांची पेटी निघाली, एक चप्पल निघाली, आणि मग गणपती. तो तसाच हातात धरून केदार गुडघ्यांवर बसून राहिला. "मीच चिकटवला गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आश्लेषानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात पुण्याहून शरयूताईंचा फोन आला. त्यांचा आवाज स्पीकरवर होता. "सापडला का रे? भंगलाय का? भंगला असेल तर घरी नेऊ नका, बाळा. भंगलेला देव घरात ठेवू नये, पाण्यात सोडावा."

आश्लेषानंच फोन घेतला. "नाही आई," ती म्हणाली, "देव अगदी धड आहे."

पलीकडे शरयूताई रडू लागल्या. आश्लेषानं फोन बंद केला आणि केदारनं पुढे केलेली हत्यारांची पेटी घ्यायला हात लांबवला. हात पेटीच्या अलीकडेच मिटला. हवेत. तिनं पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच. एका डोळ्याला अंतर कळत नाही. केसाएवढ्या रेषेवर ड्रिल चालवणारा तो हात, त्याला पेटीची मूठ सापडेना. शेवटी केदारनं तिचा हात धरून मुठीवर ठेवला.

मित्रांनो, उद्या मला यंत्रात घालून चेपतील. त्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज घरी जाऊन आपल्या गाडीत बघा. पुढच्या आसनासमोर देव असो, बाहुली असो, अत्तराची बाटली असो, काढायला लावा. देवाला देवघरात बसवा, तो रागावणार नाही. गाडी कोणत्या देशाची, तिचं नाव किती मोठं, हे कौतुक ऐकून गप्प बसू नका. मला सगळं दिसत होतं, पण गाडीला तोंड नसतं. तुम्हाला आहे. बोला. मोठ्या माणसांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा बोला. आश्लेषा एकदाच बोलली होती.