उसनी जीभ

“तुम्हा ख्रिश्चनांचा रमजानात शेजाऱ्याला एवढाच तर उपयोग,” असे म्हणत अबू फवाझने चिंचेच्या सरबताची पितळी वाटी माझ्या नाकासमोर धरली. “चाख, नकूला. माझा रोजा आहे.”

दमास्कसमधल्या आमच्या गल्लीत यात नवल नव्हते. पाठीवर पितळी घडा बांधून तो बाजारात हे सरबत विकत असे. ते चाखायचे काम पूर्वी उम्म फवाझकडे, त्याच्या बायकोकडे होते. आजारपणामुळे तिला रोजे माफ होते. हिवाळ्यात ती गेली.

“आंबट आहे. साखर हवी.”

“किती?”

“मूठभर.”

“पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असंच लिहून देतोस? मूठभर जंतू?”

ईदच्या दिवशी तो आमच्याकडे आला. माझ्या बायकोने घाईघाईत कॉफीत साखरेऐवजी मीठ घातले होते. मी पहिलाच घोट खिडकीबाहेर टाकला. अबू फवाझने मात्र कप शांतपणे रिकामा केला.

“सूनबाई, तुझे हात सलामत राहोत. गोडी अगदी बेताची.”

एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाटी घेऊन हजर. ईदनंतरचे सहा ऐच्छिक रोजे, म्हणाला. ते संपले, तेव्हा सोमवारचा रोजा निघाला, मग गुरुवारचा. एवढा धर्मनिष्ठ तो पूर्वी कधीच नव्हता. सरबतवाल्याची जीभ मेली आहे, असे बाजारात एकदा फुटले असते, तर त्याच्या हातचे कोणी प्यायले नसते. आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

आज मंगळवार, कोणताच रोजा नसलेला वार. तो दारात उभा राहिला, एका हातात वाटी, काखेत साखरेची पिशवी.

“आजही रोजा, काका?”

“आजही.”

त्याच्या मिशीत पावावरचा तीळ अडकला होता. माझी नजर कुठे आहे हे कळताच त्याने मिशी पुसली आणि वाटी पुढे केली. मी चाखले.

“मूठभर.”

“तुझी मूठ, की माझी?”

“उम्म फवाझची.”

त्याने पिशवीत हात घालून मूठ भरली. मग बोटे किंचित सैल केली आणि मूठ पुरेशी लहान होईपर्यंत साखर परत पिशवीत सोडत राहिला.