वेदीवरचा नोड

एंजल साळवेला श्रीरामपूर सोडायचं नव्हतं. पुण्यात राहायला गेलेल्या मैत्रिणी एका खोलीत चौघी राहायच्या, आणि दोन तास बसमध्ये घालवून वर "इथं किती फ्रीडम आहे" असं सांगायच्या. एंजलला ते फ्रीडम लांबूनच बरं वाटायचं. तिला संगणकाचं काम करायचं होतं, पण ते घरी बसून, पप्पांच्या वर्कशॉपमधला ग्राइंडरचा आवाज ऐकत.

तशी एक नोकरी समोर आली. पुण्याची कंपनी, काम बिटकॉइनसारख्या डिजिटल पैशामागच्या ब्लॉकचेनचं, घरून केलं तरी चालेल. मात्र मुलाखतीआधी परीक्षा होती. साबणाच्या वडीएवढ्या छोट्या संगणकावर बिटकॉइनचा पूर्ण नोड, म्हणजे त्या पैशाच्या व्यवहारांची अख्खी वही स्वतःकडे ठेवणारं यंत्र, स्वतः बसवायचा, सुरुवातीपासूनचे सगळे व्यवहार त्याच्याकडून तपासून घ्यायचे आणि एका ठरलेल्या सोमवारी सकाळी तो चालू स्थितीत दाखवायचा. जमलं तर श्रीरामपूर, नाही जमलं तर पुण्याची खोली आणि मिळेल ती नोकरी.

"जमणार," एंजल म्हणाली. ती नेहमी असंच म्हणायची आणि बहुतेक वेळा ते खरंही व्हायचं, त्यामुळे घरात तिला कुणी टोकत नसे.

तिचे वडील थॉमस साळवे फॅब्रिकेशनचं काम करायचे. गेट, ग्रिल, जिने, कुणाच्या गोठ्याचं शेड. लेकीच्या टेबलावर ती सर्किटची उघडी हिरवी पट्टी आणि तिला वायरनं लटकलेली डिस्क पाहून त्यांना राहवलं नाही.

"आगं, हे असं उघडं-नागडं ठेवत्यात व्हय? पाल पडंल त्याच्यावर."

त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी करून दिली. वारा खेळायला बाजूनं भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. इतकं नाजूक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्या पेटीकडे ते दिवसातून चारदा येऊन बघून जायचे.

नोडचं काम सावकाश चाललं होतं. त्याला एंजलच जबाबदार होती. मित्र सांगत होते, जास्त मेमरी दे, भराभर होईल. पण मेमरीत साठवून ठेवलेलं काम वीज गेली की पाण्यात जातं, आणि श्रीरामपुरात वीज जाते की नाही यावर कुणी पैज लावत नाही. म्हणून तिनं तपासलेलं लगेच डिस्कवर लिहून टाकायची सोय केली. चाल मंदावली. तीन आठवडे उलटून चौथा लागला तरी तो आपला तपासतोच आहे.

"एवढं काय तपासतोय हा?" थॉमस विचारायचे.

"सगळं, पप्पा. दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून तो काहीच मानत नाही. पहिल्या व्यवहारापासून स्वतः हिशोब करून बघतो."

"मंग बेस हाय गडी," थॉमस म्हणायचे.

शनिवारी दुपारी आजवरचे सगळे व्यवहार तपासून तो जगभरच्या नोडांच्या बरोबरीला आला. एंजलनं खुर्चीतून उडी मारली आणि वर्कशॉपच्या दारात जाऊन ओरडली, "पप्पा, झाला! पूर्ण झाला!"

इथंच घोटाळा झाला. थॉमसच्या धंद्यात पूर्ण झालेली वस्तू वर्कशॉपमध्ये राहत नाही. गेट पूर्ण झालं की टेम्पोत चढतं. नोड पूर्ण झाल्यावरच त्याचं खरं काम सुरू होतं, तो बंद करायचाच नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एंजलला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, कारण तिच्या लेखी ते उघड होतं.

आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हंगामाचा सण होता.

या सणाला जो तो आपल्या कष्टाचं पहिलं फळ वेदीपाशी आणतो. शेतकरी गहू, कांदा, ऊस आणतात, कुणी कोंबडा आणतं, कुणी लोणच्याची बरणी. उपासना संपली की आवारात लिंबाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. थॉमसला शेत नव्हतं, म्हणून ते दरवर्षी नव्या हातकामातलं पहिलं काहीतरी द्यायचे. एका वर्षी लोखंडी खुर्ची दिली होती, तिच्यासाठी दोन माणसं इतकी इरेला पेटली की चर्चच्या पाळकसाहेबांना मध्ये पडावं लागलं.

एंजल चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची, म्हणून ती त्या रविवारी लवकर गेली. दानार्पणाचं गीत सुरू झालं. लोक रांगेनं पुढं येऊ लागले. भोपळा आला, कोबी आली, पाय बांधलेला एक रागीट कोंबडा आला, आणि त्याच्या मागोमाग पांढऱ्या टॉवेलवर ॲल्युमिनियमची पेटी घेऊन, इस्त्रीच्या शर्टात, थॉमस साळवे आले.

एंजलची बोटं चुकली. अख्खी मंडळी एक ओळ बेसूर गायली. तिला उठून धावत जावंसं वाटत होतं, पण गीताची पाच कडवी होती आणि वाजवणारी ती एकटी. प्रत्येक कडव्याबरोबर तिचा संताप वाढत गेला. पाळकसाहेबांनी कोबीवर, कोंबड्यावर आणि नोडवर मिळून आशीर्वाद मागितला.

उपासना सुटताच तिनं पप्पांना गाठलं. "पप्पा, हे काय केलंत? उद्या तो चालू दाखवायचाय! वायर कुणाला विचारून काढली?"

थॉमसचा चेहरा खर्रकन उतरला. "आगं, तूच म्हनलीस ना, पूर्ण झाला? आपल्या दोघांच्या हातचं पहिलंच काम हाय. म्हनलं, औंदा देवाला हेच द्यावं. लई चांगलं झालंय."

ती पाळकसाहेबांकडे गेली. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण वेदीवर ठेवलेलं उचलून परत नेण्याची रीत नव्हती. "बोली लावून घे ना," ते म्हणाले. "कोण घेणार आहे तसली वस्तू?"

नोड पुन्हा चालू होईल की नाही, याची एंजलला काळजी नव्हती. वायर खेचली तरी बिघडणार नाही असाच तिनं तो बसवला होता. दुसऱ्याच्या घरी गेला, तर मात्र नवा तयार व्हायला पुन्हा महिना लागणार होता, आणि हातात एक रात्र होती.

लिलाव पुकारायला निवृत्त शिक्षक ओहोळ सर होते. पेटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "थॉमसराव, हे काय म्हणायचं?"

"बिटकॉइनचं मशीन हाय," थॉमस अभिमानानं म्हणाले.

लिंबाखालच्या सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. नोड म्हणजे काय ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बिटकॉइन म्हणजे पैसा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक नोहाशेठ पुढं सरकले. त्यांनी बोली लावली. एंजलनं वाढवली. बघता बघता बोली शेळीच्या किमतीला गेली, तिथून वासराच्या, तिथून जुन्या मोटारसायकलच्या. नोहाशेठ मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांना थकवणं एंजलच्या ऐपतीत नव्हतं.

"थांबा सर," ती म्हणाली. "याच्यातून पैसे निघत नाहीत. एक रुपयासुद्धा नाही. हा फक्त व्यवहार खरे आहेत का ते तपासतो."

"फुकटच?" नोहाशेठनी विचारलं.

"फुकटच. उलट लाईट बिल आपलं."

नोहाशेठ गडगडाटी हसले. "मग मला कशाला पायजे? सर, माझी बोली माघारी घ्या!" सगळं आवार हसलं. ओहोळ सरांनी पहिल्यापासून पुकारा केला. एंजल शंभर म्हणाली. पुढं कुणी बोलेना.

"शंभर एकवार..."

एंजलला हायसं वाटलं. जिंकलीच होती ती. तेवढ्यात तिची नजर पप्पांवर गेली. ते लिंबाच्या बुंध्याशी उभे होते आणि रिकाम्या टॉवेलाची घडी घालून ती पुन्हा उलगडत होते. कोंबडा साडेसातशेला गेला होता. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम शंभराला चाललं होतं, सगळ्या मंडळीसमोर, आणि ते कवडीमोलाचं आहे हे त्यांच्या लेकीनंच सांगितलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"दोनशे," ती म्हणाली.

ओहोळ सर थबकले. "बाळ, आधीची बोली तुझीच आहे."

"माहीत आहे सर. पाचशे."

हशा पिकला. तिनं हजार म्हटलं तेव्हा लोक आणखी हसले, आणि पाच हजार म्हटलं तेव्हा हसू विरलं. आता ती कुणाशी भांडते आहे तेच कळेना. नोहाशेठसुद्धा तोंड मिटून बघू लागले.

"सर, पुण्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी मी पैसे साठवलेत," ती म्हणाली. "ते सगळे. माझी शेवटची बोली."

थॉमस धावत पुढं आले. "येडी का खुळी तू? उद्या काय झालं न्हाई तर पुन्याला कशी जाशील?"

"जात नाही," एंजल म्हणाली. "पप्पा, मला तो चालू करता येतो. सर, तीनवार म्हणा."

ओहोळ सर तीनवार म्हणाले.

घरी येऊन तिनं वायर जोडली. थॉमस चार हात लांब उभे राहिले, जवळ यायची त्यांची छाती होईना. नोड उठला, आपली डिस्क चाचपून पाहिली, मग जगभरच्या नोडांकडून मधल्या वेळचे व्यवहार मागवून घेतले आणि नेहमीप्रमाणे कुणावर विश्वास न ठेवता तपासायला बसला. चहा व्हायच्या आत तो बरोबरीला आला.

सोमवारी कंपनीचा माणूस स्क्रीनवर आला. मराठीच होता. त्यानं नोंदी पाहिल्या आणि विचारलं, "काल सकाळी काही तास बंद होता. का?"

वीज गेली होती, असं सांगता आलं असतं. श्रीरामपूरचं नाव ऐकून कुणीही मानलं असतं. एंजलनं सगळं खरं सांगितलं, कोंबड्यासकट.

"तुम्ही स्वतःच्याच बोलीवर बोली लावलीत?"

"हो. माझ्या वडिलांच्या हातचं काम आहे ते. शंभरला कसं जाऊ देऊ?"

त्या माणसानं समोरच्या नोंदी मिटल्या. मग म्हणाला, "एक तारखेपासून सुरू करा. घरूनच."

थॉमस दाराआड उभे होते. ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. एंजल उठून त्यांच्याजवळ गेली आणि खाली बसून तिनं त्यांना मिठी मारली. कॅमेरा बंद करायचं तिला सुचलं नाही, आणि पलीकडचा माणूसही कॉल न तोडता थांबून राहिला.