आजोबा शिंकले नाहीत

चैत्राच्या अप्पांनी आमच्या लग्नाला होकार दिला.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचकांनी विसरावं. मीही विसरलोय, आणि अप्पा तर ते बोललेच नव्हते. आता सुरुवात करतो.

मी अमेय. परदेशात, तुआसच्या औद्योगिक भागात, पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. चैत्रा त्याच कंपनीत, मूळची हुबळीची, माझ्यापेक्षा हुशार. तिचे अप्पा, म्हणजे वडील, बँकेतून निवृत्त झालेले, आणि सध्या वुडलँड्सला बहिणीकडे उतरलेले. त्यांची अट एकच होती: जावयाला कन्नड समजलं पाहिजे. चैत्राने मला न विचारताच सांगून टाकलं, की समजतं.

"मला फक्त 'ऊटा आयता' येतं," मी म्हणालो. म्हणजे, जेवण झालं का.

"मग तेवढंच बोल. आणि रविवारी सकाळी सिनेमाला ये. आमच्या कन्नड संघाने खास खेळ लावलाय. अप्पा तुझ्या शेजारी बसणार आहेत. तू कुठे हसतोस ते त्यांना बघायचंय."

"खाली इंग्रजी पाट्या येतील ना?"

"नाही. घरचंच कार्य आहे."

तिने पोस्टर पाठवलं. त्यात एक हिरो, एक हिरॉइन आणि खाटेवर आडवे पडलेले एक आजोबा. ते पाहून मीही बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आडवा झालो. निवांतपणे. कारण हा सिनेमा एका मराठी सिनेमावरून केलेला होता, आणि तो मराठी सिनेमा मला आमच्या पत्त्यापेक्षा चांगला पाठ आहे. त्यात दोन प्रेमी भांडून अबोला धरतात, म्हणून आजोबा मेल्याचं सोंग घेतात. दोघं धावत येतात, हात हातात घेऊन रडतात. मग कुणीतरी आजोबांच्या नाकात कापूस घालतं आणि आजोबा शिंकतात. मराठीत यापेक्षा मोठा विनोद झाला असेलही, पण माझ्या कानावर आलेला नाही.

परीक्षेच्या आधीच पेपर हातात होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

अप्पा प्रमुख पाहुणे होते. त्यांनी आधी छोटंसं भाषण केलं. मी योग्य तिथे मान डोलावली. "अशी गोष्ट फक्त आपल्या मातीतच सुचते, असं म्हणाले," चैत्रा कानात पुटपुटली. मी आणखी जोरात डोलावली.

सिनेमा सुरू झाला. मी हसलो. हिरो सासऱ्याच्या धोतरावर ताक सांडतो, तिथे तर तो अजून ग्लास भरत होता तेव्हाच हसलो. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या रांगेतल्या बहिणीला, गिरिजाअत्तेला, काहीतरी सांगितलं. मुलगा चलाख आहे, असंच असणार. कन्नडमध्ये सांगितलं, त्यामुळे पुरावा नाही.

मग आजोबा वारले. थिएटरात शांतता पसरली, कुणी नाक ओढलं. पडद्यावर एका काकूंनी कापसाची पुडी उघडली. कापूस दिसताच मी हसलो. मनापासून, पाय आपटून.

कापूस नाकात गेला. आजोबा शिंकले नाहीत.

सनई वाजली. आजोबांना उचललं. रिमेक करताना आपलंही काहीतरी घालावं लागतं, म्हणून दिग्दर्शकाने खरा मृत्यू घातला होता.

भर थिएटरात प्रेतयात्रेला हसणारे आम्ही दोघंच होतो. दोघंच, कारण दुसरं हसू माझ्या शेजारच्या खुर्चीतून आलं होतं. गिरिजाअत्ते वळल्या तोवर अप्पांनी त्याचा खोकला केला होता. अनुभवी माणूस. माझं हसू मात्र उघड्यावर सापडलं.

सिनेमा संपल्यावर पुरुषांच्या स्वच्छतागृहात अप्पा शेजारच्या बेसिनवर आले. आरशाकडे बघत, स्वच्छ मराठीत म्हणाले, "तो म्हातारा शिंकतो की रे."

"शिंकतो," मी म्हणालो. "अप्पा, तुम्हाला मराठी येतं?"

"निपाणीच्या शाखेत होतो मी. चैत्राची आई आणि मी टीव्हीवर लागला की बघायचो तो सिनेमा. ती कापूस दिसला की हसायची. शिंकेची वाटच बघायची नाही." त्यांनी नळ बंद केला, मग पुन्हा सुरू केला. "ती गेल्यापासून कापसाला हसणारं कुणी भेटलं नव्हतं."

मी कागदी रुमाल ओढून त्यांच्यापुढे धरला.

"कन्नड किती येतं, खरं सांग."

"ऊटा आयता."

"पुरे. लग्नानंतर तेवढंच विचारायचं असतं." त्यांनी हात पुसले. "माझ्याकडून हो समज. पण हे बोलणं झालेलं नाही. मघाशी मी भाषणात काय बोललो ते ऐकलंस ना? आता कुठल्या तोंडाने सांगू, की गोष्ट मराठी आहे आणि मी आधी बघितलीय?"

बाहेर गिरिजाअत्ते उभ्या होत्या. त्या माझ्याशी हिंदीत बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "जो लड़का दादाजी की अर्थी पर हँसता है, वो हमारे घर में नहीं आएगा."

"आत्या, तिथे शिंक येते," मी म्हणालो.

"किसको?"

"आजोबांना."

"वो तो मर गए."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा खोकले.

घरात अप्पांचं वजन आहे, पण शेवटचा शब्द गिरिजाअत्तेंचा असतो. त्यांचं म्हणणं साधं आहे: आजोबा मेले असतील तर मी निर्दयी. माझं म्हणणंही साधं आहे: आजोबा मेलेलेच नाहीत.

"आता काय करणार?" चैत्राने परतताना एमआरटीच्या गाडीत विचारलं.

"आजोबांना उठवणार," मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. मी मोबाईलवर टाइप करायला घेतलं.

प्रति, मा. निर्माते व दिग्दर्शक. विषय: मयत आजोबांस शिंक मंजूर करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर आजोबा पूर्वलक्षी प्रभावाने जिवंत असल्याचे घोषित करून कापसाच्या प्रसंगी त्यांना किमान एक शिंक देण्यात यावी, तसेच रविवारच्या खेळास आसन क्रमांक एफ-सात व एफ-आठ येथून आलेले हसणे नियमित करण्यात येऊन तसे प्रमाणपत्र श्रीमती गिरिजाअत्ते, वुडलँड्स, यांचे नावे कन्नडमध्ये निर्गमित व्हावे, ही विनंती.