तळाचा पत्रा

टेकचंदने बटण दाबलं तशी लिफ्ट कुरकुरली आणि पांढरी ऑल्टो चारही चाकं लोंबकळत ठेवून हळूहळू वर गेली. ती पुरुषभर उंचीवर थांबली न थांबली तोच सोमा तिच्या खाली शिरला आणि मान वर करून बघायला लागला. डॉक्टर पेशंटला तपासत असताना नातेवाईक पडद्याबाहेर उभे राहतात, तशी त्याची मुलगी भावना गॅरेजच्या कडेला थांबली. बाबांची पिशवी तिने पोटाशी घट्ट धरली होती.

“काका, इथे बघा,” टेकचंदने बॅटरीचा झोत वर टाकला. “हा तळाचा पत्रा पूर्ण गेलेला आहे. इकडून तिकडे. मांजर्लीच्या पुराचं पाणी आहे ना, काका! वरून गाडी एकदम चकाचक, खालून सगळी सडलेली. पासिंगला नेली तर आरटीओचा साहेब हात पण लावणार नाही.”

हे सगळं तो एका दमात म्हणाला, शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसं. पाठ केलेलंच होतं ते. काल दुपारी फोनवर भावनाने त्याच्याकडून घोटवून घेतलं होतं.

“ताई, काकांना मी असं कसं बोलू?” तो काल म्हणाला होता. “गाडी नवी घेतली तेव्हापासून माझ्याकडे येतात. पत्रा न बघताच सडला म्हणू?”

“उद्या रस्त्यात कुणाला लागलं तर काय म्हणाल?”

मग तो म्हणाला, “ठीक आहे. पण तुम्ही सोबत या. अकेले में मुझसे नहीं होगा.”

वाईट पत्रा चांगला आहे म्हणून सांगणारे दुनियेत पुष्कळ भेटतात. चांगला असेल तोही वाईट म्हणून सांगायची वेळ कॅम्प पाचच्या सिंधी वस्तीतल्या या भल्या माणसावर पहिल्यांदाच आली होती, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. बॅटरी एकीकडे, बोट दुसरीकडे, डोळे तिसरीकडे, असं त्याचं चाललं होतं.

भावनाला तरी ते कुठे जमत होतं? पण सरळ मार्ग तिने चालून पाहिला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोमाला समोर बसवून सांगितलं होतं की डाव्या बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, गेलेलं परत येणार नाही, तेव्हा आता गाडी नको. सोमाने मान डोलावली आणि जिन्यात येऊन म्हणाला, “ह्यांना स्वतःला गाडी येत नसणार.” तिची आई, गयाबाई, घरी बोलून थकली. भावना एकदा रविवारी मुद्दाम अंबरनाथहून तेवढ्यासाठी आली, समोर बसली, बोलली. सोमाने सगळं ऐकून घेतलं आणि बादली घेऊन गाडी धुवायला खाली गेला.

त्याचंही बरोबर होतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभा जन्म सायकलवर गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली तेव्हा मांजर्लीतल्या त्यांच्या बिल्डिंगमधली ती पहिली गाडी होती. कुणाची सून अडली, कुणाच्या छातीत दुखलं, की दारावर थाप पडायची, “सोमाभाऊ, गाडी काढा.” आता बिल्डिंगखाली गाड्यांना जागा पुरत नाही. तरी थाप पडली तर ऐकू यावी म्हणून तो अजून पुढच्या खोलीत झोपतो.

मग महिन्यापूर्वीचा तो रविवार आला. सोमा सकाळी तिला आणायला बदलापूर स्टेशनला आला होता. मांजर्लीच्या वळणावर कौसाबाई भाजीची हातगाडी घेऊन बसते, डाव्या हाताला, वर्षानुवर्षं तिथेच. सोमाने गाडी वळवली ती सरळ तिच्या अंगावर. भावनाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. हातगाडी हलली, मेथीच्या जुड्या चाकाखाली गेल्या, आणि कौसाबाई बसल्या जागेवरून ओरडली, “सोमाभाऊ, भाजी पाहिजे तर उतरून घ्या की!”

सगळे हसले. सोमाही हसला. पण स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत.

“ऊन आलं गं एकदम डोळ्यावर,” तो म्हणाला.

सकाळची वेळ, गाडी पश्चिमेला चाललेली. ऊन पाठीमागे होतं. भावना हे त्याला म्हणाली नाही. आईलाही तिने सांगितलं नाही. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. हातगाडीच्या जागी तिला कौसाबाई दिसायची, कधी शाळेतून येणारी पोरं दिसायची, आणि प्रत्येक वेळी तिचा हात अंथरुणात काहीतरी ओढायला जायचा.

गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पुढे रस्त्यावर ठेवायची तर पासिंग करून घ्यायला हवं होतं, आणि त्याआधी टेकचंदला तळ दाखवून घेऊ, असं सोमाच म्हणाला. भावनाला वाटलं, हीच संधी. मुलीने किल्ली काढून घेतली असं व्हायला नको. गाडीच थकली, असं होऊ दे. मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं त्या वर्षी निम्म्या गाड्या तळातून सडून भंगारात गेल्या होत्या. आपलीही गेली म्हटलं तर कुणाला नवल वाटणार होतं?

फक्त एक गोष्ट ती विसरली होती, आणि ती आठवली आत्ता, गाडीचा काळाभोर तळ डोक्यावर बघताना. पूर ओसरल्यावर बाकीच्यांनी गाड्या पाण्याने धुतल्या आणि चालवायला काढल्या. सोमाने मात्र सीटा काढल्या, कार्पेट काढलं, त्याखालचा भिजलेला नमदा गच्चीवर नेऊन आठवडाभर उन्हात घातला. तळ घासून लाल रंग मारला. त्यानंतर दर मे महिन्यात तो गाडीखाली पाठीवर झोपून डांबर फासत आला आणि भावना माहेरी असली की डबा तिच्याच हातात असायचा. तिच्या हाताचं डांबर मग गयाबाई खोबरेल तेलाने काढायची आणि म्हणायची, “लेक माहेरी आली ती गाडीला न्हाऊ घालायला.”

सगळ्या गाडीत खोटं बोलायला तिने नेमका तोच भाग निवडला होता जो त्याने हातांनी राखला होता.

“टेकचंद,” सोमा खालून म्हणाला, “हातोडी दे जरा.”

“हातोडी कशाला, काका? दिसतंय ना.”

“मला कमी दिसतं,” सोमा म्हणाला. “दे.”

टेकचंदने भावनाकडे पाहिलं. भावनाने पिशवीचे बंद नीट केले. त्याने खुंटीवरची छोटी हातोडी काढून दिली.

सोमाने पहिला ठोका ड्रायव्हरच्या बाजूला मारला. टण्ण.

माठ घेताना गयाबाई बोटाच्या पेराने तो सगळीकडून वाजवून बघायची. भावना लहानपणी तिच्याबरोबर कुंभाराकडे जायची. नीट भाजलेला माठ टण्ण म्हणतो, तडा गेलेला भद्द म्हणतो, एवढं ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. एवढं ओळखायला कारखान्यात जावं लागत नाही.

टण्ण. टण्ण. सोमा सावकाश पुढे सरकत होता. मधल्या भागावर, मागच्या सीटखाली, कडेच्या पट्टीवर. टेकचंद छताकडे बघत राहिला. भावना आपल्या चपलांकडे. शेवटी टेकचंदने बोट दाखवलेल्या जागी सोमा आला. तिथे त्याने ठोका अगदी हलक्या हाताने मारला, जणू पत्र्याला विचारत होता.

टण्ण.

तो आवाज तिघांनीही ऐकला. बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला, कुणीतरी सिंधीत कुणाला हाक मारली. सोमाने हातोडी खाली केली आणि दुसरा हात सबंध तळव्यानिशी वर टेकवला. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर मऊ झालं होतं. तो हात तसाच ठेवून तो उभा राहिला आणि मग त्याने मान वळवली. नजर टेकचंदवरून सरकत सरकत भावनापर्यंत आली. डावीकडे उभी होती ती, त्यामुळे त्याला सगळी मान वळवावी लागली.

आता बोलतील, तिला वाटलं. आता विचारतील, आणि मी सांगून टाकीन.

“सडलाय,” सोमा म्हणाला.

टेकचंदच्या हातातली बॅटरी विझली. “काका—”

“आतून सडलाय. बाहेरून कळत नाही.”

“काका, तसं एवढं पण नाही,” टेकचंद घाईघाईने म्हणाला. खोटं त्याला आता सोसवत नव्हतं. “मी करतो ना. वेल्डिंग मारतो, मस्त पॅच लावतो. पासिंगची जबाबदारी माझी. तुम्ही बोला फक्त.”

सोमाने एकच शब्द म्हणायचा होता, ‘लाव’.

“नको रे,” सोमा म्हणाला. “पॅच मारून गाडी किती दिवस चालवायची? तू खरं सांगितलंस ते बरं केलंस.”

टेकचंदने तोंड फिरवलं आणि गाडी खाली घ्यायचं बटण दाबलं.

गाडी खाली आल्यावर सोमाने मागच्या सीटवरची गयाबाईची उशी काढली. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. किल्ली टेकचंदच्या हातात दिली.

“भंगारात घालू नकोस,” तो म्हणाला. “कुणी गाडी शिकणारं असेल तर बघ. शिकायला बरी आहे. क्लच हलका आहे.”

सडक्या तळाची गाडी शिकणाऱ्याला कुणी देतं का? हे सोमाच्या लक्षात आलं असावं, कारण तो तिथेच थांबला आणि “बघ तुला जमेल तसं,” म्हणून रस्त्याकडे निघाला.

रिक्षात तो उशी मांडीवर घेऊन बसला. अंबरनाथ मागे पडलं. क्लच हलका आहे. भावनाला तेच आठवत राहिलं. हेच वाक्य तो तिला म्हणत आला होता, लग्नाआधी, लग्नानंतर, अगदी या वर्षीही. “शिक ना गं. क्लच हलका आहे, महिन्याभरात येईल.” आणि ती म्हणायची, पुढच्या सुट्टीत. औषध कंपनीतली नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा. पुढची सुट्टी काही आली नाही. तिला गाडी येत असती तर? ती चालवायला बसली असती, तो शेजारी बसला असता, डावीकडचं तिने बघितलं असतं. रविवारी येऊन ती त्यांना फिरवून आणू शकली असती. महिनाभर ती फक्त गाडी त्याच्या हातून कशी सुटेल याचाच विचार करत होती. इतकी साधी गोष्ट तिला सुचली नाही, आणि आता सुचून उपयोग नव्हता. असं उशिरा सुचणारं शहाणपण माणसाला फार छळतं.

“बाबा, रिक्षा मागे घेऊ या का?” ती म्हणाली.

“उशी घेतलीय मी,” सोमा म्हणाला, जणू तिने काही राहिलं का असं विचारलं होतं.

घरी गयाबाई दारातच उभी होती. खाली गाडीचा आवाज आला नाही आणि नवरा उशी घेऊन जिना चढला, एवढ्यावरून तिने काय ते ओळखलं. तीच रोज म्हणायची, ती गाडी एकदाची जाऊ दे. पण आता तिचं तोंड उतरलं.

“काय झालं?”

“तळाचा पत्रा सडला,” सोमाने चपला काढल्या. “पासिंग नाही व्हायचं.”

“सडला? दरवर्षी डांबर फासून फासून माझ्या दोन साड्यांची पोतेरी केलीत, आणि सडला? असा कसा सडेल? त्या टेकचंदला काही कळतं का? भावना, तू होतीस ना तिथं? वाजवून बघितला का?”

“बघितला, आई.”

“कसा वाजला?”

भावनाने आईकडे पाहिलं. मोरीच्या दाराशी सोमा बाह्या वर करत थांबला होता. त्याची पाठ तिच्याकडे होती.

“भद्द,” ती म्हणाली.

“मला नाही पटत. उद्या मी येते. माझ्यासमोर वाजवू दे त्याला.”

“राहू दे, गया,” सोमा मागे न वळता म्हणाला. “त्या दिवशी ऊन पाठीमागं होतं.”

“कसलं ऊन?” गयाबाईने विचारलं. “कोणत्या दिवशी?”

मोरीत नळ सुटला. सोमा साबणाने हात चोळत होता, पुन्हा पुन्हा, आणि तळव्याचं डांबर नुसतं पसरत चाललं होतं. भावना स्वयंपाकघरात गेली, फडताळातली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि त्याच्याजवळ येऊन नळ बंद केला.

“साबणाने नाही जायचं ते, बाबा,” ती म्हणाली. “द्या इकडे हात.”

त्याने हात पुढे केला.