नसलेली शिट्टी

ऑफिसात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. गाड्यांच्या मासिकासाठी नव्या गाड्या चालवून बघायच्या आणि त्यांच्याबद्दल काय खरं, काय खोटं ते लिहायचं, हे त्याचं काम. गाडी नुसती सुरू केली की तिच्या पोटात काय दुखतंय ते तो आवाजावरून सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. एकदा तर संपादकांनी आपल्या जुन्या गाडीसमोर फोन धरला होता आणि याने पलीकडून पट्टा कुठे घासतोय ते सांगितलं होतं. ही गोष्ट संपादक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. असं नाव एकदा चिकटलं की ते निभवावं लागतं, आणि कानसेनची झोप उडाली होती ती नेमकी त्यामुळेच. गेलं वर्षभर त्याला कमी ऐकू येत होतं.

आधी पक्षी गेले. मग दाराची बेल, मग शेजारच्या टेबलावरची कुजबुज. कुणी तोंडासमोर खणखणीत बोललं तर कळायचं, बारीकसारीक आवाज मात्र हळूहळू पसार झाले होते. दादा-वहिनी खालच्या मजल्यावर, हा वर एकटा. त्यामुळे घरात लपवणं सोपं होतं. कामावरही त्याने वेळ मारून नेली होती. पेट्रोलचं इंजिन गुरगुरतंच, आणि जे ऐकू यायचं नाही ते स्टिअरिंगच्या थरथरीतून हातांना आणि सीटमधून पाठीला समजायचं. उरलंसुरलं अनुभवाच्या जोरावर ठोकून द्यायचं.

अशात संपादकांनी त्याच्यापुढे चावी ठेवली ती संपूर्ण विजेवर चालणाऱ्या क्रॉसओव्हरची. क्रॉसओव्हर म्हणजे धड छोटी गाडी नाही, धड जीप नाही; उंच आणि ऐसपैस, पण चालवायला छोट्या गाडीसारखी. "रोज चालवणाऱ्यालाही कळलं पाहिजे आणि हौशी माणसालाही," संपादक म्हणाले. कानसेनने मनातल्या मनात हात जोडले. इंजिनच नाही म्हणजे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणजे पकडलं जाण्याची भीती नाही.

इतका भाबडा विचार एवढ्या अनुभवी माणसाने करावा याचं नवल वाटतं, पण घाबरलेला माणूस काडीचाही आधार शोधतो.

पहिल्या दिवशी तो एकटाच डोंगराकडच्या वळणांच्या रस्त्याला गेला. गाडीने त्याला खूश केलं, खोटं कशाला बोला. पायाने नुसता इशारा केला की ती निघायची, आणि अशी निघायची की पाठ सीटला चिकटायची. बॅटरीचं सगळं ओझं तळाशी, त्यामुळे एवढी उंच असूनही वळणावर कलंडल्यासारखी वाटत नव्हती. पाय उचलला की आपणहून वेग आवरायची. स्टिअरिंग मात्र गुळगुळीत. चाकाखाली खडी आहे की डांबर, याचा पत्ता लागू देत नव्हतं. हे सगळं मनात लिहीत लिहीत तो आवाजाच्या परिच्छेदापाशी आला आणि तिथे त्याचं घोडं अडलं.

इंजिन असलं की बाकीच्या आवाजांवर पांघरूण असतं. इथे ते पांघरूणच काढून घेतलेलं. विजेच्या गाडीत टायर किती घोंघावतात, वारा कुठून शिरतो, कुठलं प्लॅस्टिक करकरतं, हेच वाचक आधी विचारतात, आणि ते कुठल्याही सोम्यागोम्याला ऐकू येतं. कानसेनच्या कानांना सगळीकडे सारखाच कापूस लागत होता. त्याने गाडी कडेला घेतली, काचा वरखाली केल्या, डॅशबोर्डवर टिचक्या मारल्या. टिचकी बोटाला कळली, कानाला नाही. या लेखात आपलं पितळ उघडं पडणार, आणि मग या नोकरीत आपल्याला कोण ठेवून घेणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

दुसरा दिवस वहिनींचा होता. ही त्याची जुनी पद्धत. प्रत्येक गाडी एक दिवस वहिनींच्या हवाली व्हायची आणि लेखाच्या शेवटी 'वहिनींचं मत' अशी चौकट यायची. निम्मे वाचक आधी तीच वाचत, हे कानसेनला माहीत होतं आणि थोडं झोंबतही होतं. वहिनींचं फुलांचं दुकान. घाऊक बाजारातून फुलं आणायची ती पाण्याने भरलेल्या बादल्यांतून. त्या डिकीत ठेवायच्या आणि दुकानापर्यंत यायचं. पाणी सांडलं की गाडी नापास, मग ती कुणाचीही असो.

जाताना त्याने चालवली. वाटेत वहिनींनी एकदोनदा त्याच्याकडे वळून पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. येताना चाक त्यांच्या हाती आलं आणि तोंडही सुरू झालं.

"सीट झकास आहे. चढायला नको, वाकायला नको. पण भाऊजी, एसी कमी करायचा तर पडद्यावर बोटं मारत बसायचं? रस्ता बघू की हे बघू?"

"लिहितो," तो म्हणाला.

"आणि डिकीचा उंबरठा उंच आहे. बादली आत ठेवताना कंबर बोलली माझी. तेही लिहा."

रस्ता पुलाकडे वळला. वहिनींनी मान जराशी कलती केली.

"मागे काहीतरी खडखडतंय. ऐकलंत?"

"हो तर," कानसेन लगेच म्हणाला. "डिकीच्या झाकणाचं रबर नीट बसलेलं नाही. नव्या गाड्यांत होतं असं."

वहिनी 'हं' म्हणाल्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि ही शिट्टी?"

कानसेनने डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. त्याची ही ऐट ऑफिसात प्रसिद्ध होती. "डाव्या आरशाची," तो म्हणाला. "वेग वाढला की वारा त्या खाचेत शिरतो. आधी बारीक, मग चढत जाणारी." वाक्य त्याला इतकं आवडलं की हे असंच छापायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला वहिनींनी गाडी लावली, डिकी उघडली आणि आधी पाणी तपासलं. थेंब सांडला नव्हता. मग एका बादलीची लोखंडी कडी हलवून त्यांनी ती पत्र्यावर आपटली.

"खडखड ही होती," त्या म्हणाल्या. "माझी बादली. झाकणाचं रबर चांगलं घट्ट आहे."

"अच्छा. मला वाटलं की..."

"आणि शिट्टी नव्हतीच, भाऊजी."

तो हसायला गेला, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. वहिनींनी एक रिकामा खोका उलटा करून त्याच्यापुढे सरकवला, दुसरा स्वतःला घेतला.

"जाताना तुमचा इंडिकेटर पार बाजारापर्यंत टिकटिकत होता. दुसऱ्या कुणाचा असता तर म्हटलं असतं, वेंधळा आहे. तुमचा? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग कडी खडखडली आणि तुम्ही रबर म्हणालात. म्हणून शिट्टी विचारली. वाईट वाटून घेऊ नका, मला खात्री करायची होती. माझे बाबा असंच करायचे. ऐकू आलं नाही की समोरच्याचं संपायच्या आधीच मान डोलवायची. आम्हाला कळेपर्यंत फार उशीर झाला होता. शेवटी शेवटी ते कुणाशी बोलेनासेच झाले."

कानसेनला काहीतरी जोडून बोलता आलं असतं. वर्षभर तेच तर केलं होतं. पण त्याच्या डोक्यात ती शिट्टी घुमायला लागली होती.

"मी छापलं असतं ते," तो म्हणाला. "आरशाच्या खाचेसकट छापलं असतं. लोकांनी शोरूममध्ये जाऊन आरसे तपासले असते."

"आणि काहींना ऐकूही आली असती," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या शब्दाला मान आहे."

यावर दोघंही हसले. हसता हसता कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायच्या भानगडीत तो पडला नाही. पकडलो गेलो की सगळं संपलं, असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता आणि त्याला बऱ्याच महिन्यांनी पोटभर श्वास घेता येत होता. त्याने वहिनींना सगळं सांगून टाकलं, पक्ष्यांपासून.

दुपारी दुकान मदतनिसावर सोपवून दोघं पुन्हा त्याच रस्त्याला गेले. वहिनी ऐकत होत्या आणि तो चालवत होता. टायर खरखरीत डांबरावर घोंघावतात, वारा फक्त वेगात आणि तोही मागच्या काचेकडून येतो, प्लॅस्टिक कुठेही कुरकुरत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याने मागच्या चाकांचे धक्के पाठीने मोजले आणि लहान खड्डे गाडी गिळते पण मोठे माणसापर्यंत पोचवते, असं ठरवलं. हौशी माणसाला वळणावर मजा येईल, पण स्टिअरिंगशी गप्पा मारता येणार नाहीत. रोज चालवणाऱ्याने ही गाडी डोळे मिटून विकत घ्यावी, फक्त एसीसाठी डोळे उघडावेत. इतका खरा लेख त्याने वर्षभरात लिहिला नव्हता.

मग त्याने संपादकांनाही सगळं सांगितलं. त्यांनी पेन फिरवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाजाचा भाग वहिनींच्या चौकटीत टाक. हात आणि पाठ शाबूत आहेत ना? आणि आधी त्या कानाच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर मीच घेऊन जाईन." डॉक्टरांनी तपासलं. यंत्र लावलं तर बरंचसं परत मिळेल, म्हणाल्या. इतक्या साध्या वाक्यासाठी आपण वर्षभर जीव मुठीत धरून हिंडलो, याचा कानसेनला राग आला. तो रागसुद्धा हलका होता.

राहिला होता दादा. "त्यांना तुम्हीच सांगा," वहिनींनी बजावलं होतं. "मी मध्ये पडणार नाही."

गाडी परत करायच्या दिवशी दादाला चक्कर मारायची होती. वहिनी पुढे बसल्या, दादा मागे. नदीच्या कडेला कानसेनने गाडी थांबवली, पूर्ण मागे वळला आणि एका दमात सांगितलं. वर्षभर नीट ऐकू येत नाहीये. यंत्र बसवायचंय. तुला सांगायला लाज वाटत होती.

दादाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"म्हणजे मी जिन्यातून हाक मारायचो, तेव्हा?"

"ऐकूच यायची नाही."

"मी म्हटलं होतं, रविवारी खाली जेवायला ये. दोनतीनदा म्हटलं होतं."

"नाही ऐकलं रे."

"मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलायस," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"कशावरून?"

"तेच तर वर्षभर शोधतोय. लहानपणापासूनचं सगळं आठवून झालं." त्याने परत चष्मा काढला. "बरीच कारणं सापडली."

वहिनी समोर बघत होत्या. कानसेनने सीटचा पट्टा सोडला, तो उतरला आणि मागचं दार उघडून दादाच्या शेजारी, अगदी खेटून, ऐकू येईल असा जाऊन बसला. वहिनी चाकामागे सरकल्या आणि गाडी आवाज न करता निघाली.

"सांग," तो दादाला म्हणाला. "एकेक करून सांग. जरा मोठ्याने."