गोल टेबलाचा मध्य

सुताराने तिसरी रेषा ओढली आणि पेन्सिल कानावर ठेवायचं विसरून तसाच उभा राहिला. तिन्ही रेषा एका बिंदूत मिळायला हव्या होत्या. मिळाल्या नव्हत्या. त्यांच्या मधे नखाएवढा त्रिकोण उरला होता.

टेबल त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिच्या लग्नात त्यानेच करून दिलेलं, गोल, चार पायांचं. आता ताई चाकाच्या खुर्चीत होती आणि खुर्ची त्या पायांना अडायची. म्हणून चारही पाय काढून मधोमध एकच जाड खांब द्यायचं ठरलं होतं. त्यासाठी फळी पालथी घालून बरोब्बर मध्यावर भोक पाडायचं, नाहीतर टेबल एका अंगाला कलणार. लग्नाच्या वेळचा कंपासचा टोचा तिथे होता, पण परवा रंधा मारताना तो त्याच्याच हातून गेला.

तरी काम अवघड नव्हतं. कडेवर दोन खुणा करायच्या, त्या सरळ रेषेने जोडायच्या, त्या रेषेच्या मध्यावर गुण्या लावून काटकोनात दुसरी रेषा ओढायची. ती गोलाच्या मध्यातून जाणारच. अशा दोन रेषा जिथे छेदतील तो मध्य. तिसरी नुसती खात्रीला. हे तो जन्मभर करत आला होता.

पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वर्कशॉप लेक बघत होती. सकाळी तोच तिला म्हणाला होता, "हे एवढं भोक मी पाडतो. चुकलं तर पुन्हा मशीनला हात लावणार नाही."

त्याने रेषा पुसल्या. नव्या खुणा, नव्या रेषा. पुन्हा त्रिकोण, आणि तोही भलत्याच जागी. त्याने चष्मा पुसला. गुण्या उलटा करून तपासला, चोख काटकोन. पेन्सिलीला टोक केलं. तिसऱ्यांदाही तेच.

"बाबा, मी बघू का?" लेकीने विचारलं.

"काय बघणार? गोल आहे, त्याला मध्य आहे. एकच असतो तो."

"मग तू तीन-तीन कशाला काढलेस?" ताई खुर्चीतून म्हणाली.

"तू गप गं. टेबल चुकीचं नाही, मी चुकतोय. हे मी माझ्या हाताने कापलंय."

हात पुढे धरून त्याने निरखला. थरथरत नव्हता. मग डोळे? पण रेषा तर लख्ख दिसत होत्या, आणि चुकीच्या ठिकाणी जाताना लख्ख दिसत होत्या. त्याला काही कळेना. ड्रिल उचलून त्याने लेकीपुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. तिलाही त्या रेषांचा अर्थ लागत नव्हता.

ताई मांडीवर टेबलाच्या कपड्याची घडी करत होती. "माझंही असंच," ती म्हणाली. "हा मी गोल शिवलेला. आधी चांगला बसायचा. आता दोन बाजूंनी जास्त लोंबतो. किती वेळा उसवला आणि शिवला. म्हटलं, आपलाच हात गेला."

"कुठल्या दोन बाजूंनी?" सुताराने विचारलं.

"समोरासमोरच्या. खिडकीकडे एक, दाराकडे एक."

त्याने ड्रिल खाली ठेवलं. मग त्याने टेप काढला. लाकडाच्या शिरांच्या दिशेने फळी मापली, नंतर आडवी मापली. पुन्हा मापली. आडव्या मापात करंगळीच्या जाडीइतकी तूट होती.

"आकसलंय," लेक म्हणाली. "इतक्या वर्षांत लाकूड रुंदीत आकसलंय. बाबा, हे गोल राहिलंच नाही!"

दुसऱ्या कुणाचं टेबल असतं तर त्याने आधी टेपच लावला असता. स्वतःच्या गोलावर कोण टेप लावतो? डोळे शाबूत म्हणून हसावं, की टेबल लांबट झालं म्हणून वाईट वाटून घ्यावं, हेच त्याला ठरवता येईना.

"तुला हे आधी सांगता आलं नाही?" तो ताईवर खेकसला.

"तुझं टेबल वाकडं असेल असं कुणाच्या मनात येईल रे?"

त्याने सगळ्यात लांब माप आखलं, सगळ्यात आखूड माप आखलं. दोन्हींचे मध्य एकाच ठिकाणी आले. तरी त्याने ते पुन्हा एकदा मापून घेतले.

"फळी घट्ट धर," तो लेकीला म्हणाला, आणि ड्रिल सुरू केलं.