दोनदा पाहिलेली चादर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या बाईंसमोर मला एकटीला बसू कसं दिलं कुणी?

मी आणि माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहोत. धुतलेल्या चादरी मावशी टेबलावर पसरते, डाग आणि फाटकं बघते आणि पुढे सरकवते. मी घड्या घालते. मला इथे चिकटवलं ते मावशीनेच. दोन वर्षांपासून तिची नजर अधू झाली आहे. चादरीवरून हात फिरवला की फाटकं तिला बरोबर कळतं, डाग मात्र हाताला लागत नाही. म्हणून मी प्रत्येक चादर खिडकीकडे धरून पुन्हा बघते आणि डाग दिसला तर गुपचूप परत धुवायला टाकते. तिला कधी कळू दिलं नाही.

कोणतं काम कुणाच्या हातून कुठे जातं, याचा नकाशा काढायला साहेबांनी त्या बाईंना बाहेरून आणलं. नियमांच्या वहीत खरं काम सापडत नाही, म्हणाल्या, तुम्ही तुमची गोष्ट सांगा, नाव कुठेही येणार नाही. अकरा वर्षांत मला कुणी गोष्ट विचारली नव्हती. मी सगळं ओकले, खिडकीसकट. त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी नकाशा भिंतीवर लागला. बाईंनी शब्द पाळला होता, नाव कुठेच नव्हतं. 'तपासणी' असे दोन चौकोन होते, पहिला मावशीच्या टेबलाचा, दुसरा माझ्या खिडकीचा, आणि पहिल्यावर लाल फुली होती. लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. मी मावशीच्या पायावर मारला. साहेबांना विनवलं, बाईंना फोन केला. त्या वरमल्या, पण आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मावशीला एवढंच सांगितलं गेलं, की महिनाअखेरीपासून तिचं टेबल बंद. भिंतीवरचा नकाशा तिला दिसत नव्हता.

शेवटच्या दुपारी तिने मला विचारलं, "माझ्या हातून डागाची एकही चादर कधी पुढे गेली नाही, हे सांगितलंस ना गं त्या बाईला?"

"सांगितलं, मावशी."

"मग तरी?"

तिने एक चादर तळहाताने सारखी केली आणि माझ्याकडे सरकवली. मधोमध वाटीएवढा पिवळा डाग होता. मी ती खिडकीकडे न धरता तिची घडी घातली आणि पुढे जाणाऱ्या गठ्ठ्यावर ठेवली.